आईचे निळे बूट

रविवार, सुरत

आणि वर आई मलाच म्हणते, "तुजे बूट वाया नाय गेले."

गणपतीत घरी गेलो तेव्हा आईसाठीच निळे रबरी बूट नेले होते. गुहागरला ती पाहुण्यांना ओहोटीला खडपांवर, समुद्रातल्या खडकांवर, खेकडे, कालवं दाखवायला नेते. सगळ्यांना बजावते, पाण्यात पाय उचलू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे पाकट मासा आधीच सरकतो. आणि काल पाकटाने काटा मारला तो हिलाच. एक पाहुणी खोल पाण्याकडे निघाली म्हणून ही धावली. अनवाणी.

बूट कुठे होते? त्या पाहुणीच्या पायात.

"अरे, तिचे पाय मऊ. कालवांनी कापले असते."

"आणि तुझे?"

"माजे काय, खडपाचेच."

डॉक्टरांनी काटा काढलाय. सूज उतरली की परत खडपांवर जाणार म्हणते. दिवसभर कापडाचे तागे उचलतो, तरी एवढा दमत नाही जेवढा तिच्याशी फोनवर भांडून दमलो. ते निळे बूट आता पाहुण्यांचेच झाले. आणखी एक जोड पाठवला तर तोही दुसरीला देईल. देईलच, मला माहीत नाही का? म्हणून दोन जोडांचे पैसे पाठवतोय, एक दुसरीला, एक तिला. आठशे रुपये.