बाबांना उचलताना

दादा,

दूध उतू गेलं, शेगडी पुसायची राहिली आहे. मोठी उशी गॅलरीत वाळत घातली आहे. तुझ्या शर्टाला इस्त्री केलेली नाही. बाबांजवळ शेजारच्या काकू तू येईपर्यंत बसतील. चहानंतर बाबांना उचलून बाथरूममध्ये न्यावं लागतं.

आता ते काम तुझं. पेशंटना रिकामं खोकं उचलून दाखवतोस तसंच करायचं. गुडघे वाकव, वजन छातीशी धर, कमरेतून वळू नकोस. फक्त खोकं घाबरून गळ्याला गच्च मिठी मारत नाही, बाबा मारतात. मणक्याचे एवढे मोठे डॉक्टर तुम्ही, रोज कप घेऊन दारात उभे राहायचात आणि म्हणायचात, "पाठ चुकतेय तुझी, वेडाबाई." एकदा तो कप खाली ठेवला असतात तर काय बिघडलं असतं?

माझ्या डाव्या पायाला मुंग्या येतात. त्यावर तुझा सल्ला, "थोडी आडवी हो." म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरकडे एमआरआय काढायला चालले आहे. तिथून मावशीकडे राहीन. न्यायला येऊ नकोस. तसाही येणार नाहीस.

मंगळवारी मी आणि बाबा बाथरूमच्या दारात पडलो, तेव्हा तू पलीकडच्या खोलीत फोनवर कुणाला तरी खुर्चीत नीट कसं बसायचं ते समजावत होतास.