राजाने वसूल केलेला स्टिकर

सिंगापूर, मंगळवार, १६ फेब्रुवारी २०१६

स्टाफरूमच्या एसीचा रिमोट हरवला, याची मानवजातीने गंभीर नोंद घ्यावी. बाहेर घामाच्या धारा, आणि मी आत शाल पांघरून चहा प्यायले.

त्यानंतर पाचवीला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवायचं होतं, नाटक करून. मी इंग्लंडचा राजा, मुलं वसाहतीतली प्रजा. कागद हवा तर आधी बक्षीस मिळालेल्या स्टिकरांपैकी एक कर म्हणून द्यायचा. मुलं चिडतील, बंड करतील, असा बेत. कसलं बंड! सगळ्यांनी मुकाट रांग लावली. एकाने तर पावती मागितली.

फक्त सान्वी उठली. "आम्हाला न विचारता कर? मी नाही देणार, मॅडम."

हेच तर हवं होतं ना मला? पण माझा तास तपासायला मागे मुख्याध्यापिका बसलेल्या, आणि माझं कंत्राट संपत आलेलं. म्हटलं, "उद्धटपणा नको. स्टिकर दे." दिला तिने. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्गाला छान शिस्त आहे. कंत्राट वाढलं.

त्याची किंमत, दहा वर्षांच्या पोरीचा एक स्टिकर!

शाळा सुटल्यावर तिला बसपाशी गाठलं. "सान्वी, तुझं बरोबर होतं. राजा चुकला."

"राजा की तुम्ही?"

"मी."

"ओके लाह," इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि बसमध्ये चढली.