सोनाळ्याचा फायनल ऑर्डर

३ ऑक्टोबर १९६३
मलकापूर स्टेशनवर घोडा उतरवला, सोनाळ्याला घरी आणला. अस्सल थरोब्रेड. नाव फायनल ऑर्डर. पुण्याला चौदा रेसेस, पहिला नंबर एकदा. बाकी तेरा वेळा जॉकी खराब असावा. बायकोला, अंबूला, दाखवला. म्हणाली, "येवढ्या जनावरावर बसन कोन?" मी. उद्यापासून रोज पाच मैल.

४ ऑक्टोबर
बसलो नाही. घोडा प्रवासानं थकलेला.

५ ऑक्टोबर, सकाळी ७
घोडा थकलेला नाही. एक पाय रिकिबीत होता, तेवढ्यात निघाला. कंबर! यापुढे आमचा गडी शालिग्राम बसेल. रेसकोर्सवर मालक कधी बसतात? हॅट घालून उभे असतात. हॅट मागवणे.

२१ नोव्हेंबर
जत्रेतली शर्यत. दीड मैल, सरळ रस्ता. गावची आठ तट्टं आणि आमचा. सुटला तो असा, की लोक ओरडायचं विसरले. अर्ध्या मैलावर, काही कारण नसताना, उजवीकडे वळला. पुण्याचा ट्रॅक तिथं वळत असणार. नारायणरावांच्या उभ्या ज्वारीतून पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी येऊन थांबला. शालिग्राम ज्वारीतच राहिला. नारायणराव म्हणाले, "शेषराव, घोडा शिकेल हाये, रस्ताच अडानी हाये."
टायमिंग मात्र उत्तम.

२ जानेवारी १९६४
चैन नाही. पडलो, उठलो, तबेल्यात गेलो. तोही येरझारा घालत होता. दोघांनी मिळून ठरवलं: रेसिंग बंद, ब्रीडिंग सुरू. 'स्टड फार्म' अशी पाटी रंगवली. पार देऊळघाटहून घोड्या येतील.

२० फेब्रुवारी
एकही आली नाही. मनकर्णाबाई माळीण पाटीसमोर थांबली. लहानखुरी घोडी आहे तिची, वरवट बकालच्या बाजाराला वांगी वाहते. ऑफर दिली, फुकट. म्हणाली, "नाई जी पाटील. ह्याचं पोर माह्या घोडीले झेपनार नाई." अज्ञान, दुसरं काय!

११ मार्च
तीन दिवसांपूर्वी कुंपण मोडून गेलेला फायनल आज परत आला. मनकर्णाबाईच्या मळ्याकडून. अंगभर काटे, तोंडावर समाधान. शालिग्राम म्हणाला, "मालक, झालं त्याचं काम." स्टड फार्म यशस्वी. शेवटी प्लॅनिंग लागतं.

१४ फेब्रुवारी १९६५
मनकर्णाबाईची घोडी व्याली. शिंगरू लांब पायांचं, मेलेलं. घोडी बसली ती उठलीच नाही. दुपारी गेली.
फोटोग्राफर बोलावून ठेवला होता. परत पाठवला.
घोडीचा बांधाच लहान. यात घोड्याचा दोष नाही. माझाही नाही.

१६ फेब्रुवारी
मनकर्णाबाई टोपलं डोक्यावर घेऊन पायी वरवटला निघालेली दिसली. भांडायला येईल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. आली नाही. चार वेळा चहा. अंबू म्हणाली, "काऊन फिरून राह्यले घरात? जा न तिच्याकडं." मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.
संध्याकाळी गेलो. बोलायचं ते पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "घोडा घेऊन जा."
ती म्हणाली, "असं पिसाट जनावर घेऊन मी काय करू?" मग म्हणाली, "आधी त्याले खच्ची करा."

२ मार्च
गुरांचे डॉक्टर आले. दोर मी धरला. फायनलकडे पाहवेना. ब्रीडिंग समाप्त.

६ जून
वरवटचा बाजार. फायनल चिंचेखाली उभा, पाठीवर वांग्याची पोती. मनकर्णाबाईनं नुसतं "चाल बापा" म्हटलं की चालतो, "थांब" म्हटलं की थांबतो. मी नावानं हाक मारली. कानसुद्धा हलवला नाही. ती म्हणाली, "घोडा गुनाचा हाये जी पाटील. तुमच्याकडंच बिघडला होता."
वांगी घेतली. एस.टी.नं परत आलो. उभ्यानं.