थुंकायचं नाही!

शुक्रवार संध्याकाळ, खराडी

आईच्या ताणाच्या खुणा मुलांच्या जनुकांवर उमटतात का, हे तपासणाऱ्या बाई आज घरी आल्या. माझी आणि लेकीची, दोघींची लाळ हवी होती. मी नळीत थुंकले मात्र, तीन वर्षांच्या ईराने बोट उगारलं. "आई! थुंकायचं नाही, किती वेळा सांगायचं?" हुबेहूब माझा सूर, माझंच बोट. बाई हसून बेजार. ईरा मात्र थुंकेना ती थुंकेनाच.

आठवडाभर धास्तावले होते. ऑफिसातली माझी चिडचिड हिच्यात उतरली असेल तर? ते बोट तर उतरलंच की! त्याला तपासणी कशाला?

बाई गेल्यावर ईरा गळ्यात पडली आणि म्हणाली, "जाऊ दे. शहाणी माझी ती."

रागावून झालं की मी हेच म्हणते. म्हणजे हेही उतरलंय!