कागदावरचे तीस टक्के

तुम्ही मला बसस्टँडवर सगळ्यांदेखत मारलंत ते राहू दे, अप्पा. पण घरी येऊन तो कागद पत्र्याच्या पेटीत घातलात आणि परत कधी बाहेर काढला नाहीत, ते का, हे आधी सांगा. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. मी इथं मस्कतला इमारतींना खिडक्या बसवतो, आणि काच उचलताना मनात तुमच्याशी हेच भांडण चालू असतं. बरोबरचे विचारतात, कुणाशी बोलतोस रे एकटाच?

बोट माझं होतं, पण सवय लावली कुणी? शाळेत डोळे तपासायला यायचे तेव्हा तुम्हीच सांगायचात, 'धाकटीला सांभाळ, चारचौघांत लाज जायला नको.' भिंतीवर तो इंग्रजी ई असायचा, कधी पाय वर, कधी खाली, कधी डावीकडं. तिला भिंतच धड दिसायची नाही. मी मागं उभा राहून तिच्या पाठीवर बोट ओढायचो, ती हात तिकडं करायची. सगळे म्हणायचे, बरं दिसतंय की हिला. मग एकदा तुम्ही कोप्पीकर रोडवरच्या दुकानातनं अर्ध्या दिवसाची रजा काढून आम्हाला धारवाडला शिबिरात नेलंत, तिच्या अपंगत्वाचा दाखला काढायला. रांग पार दारापर्यंत आलेली. डॉक्टर काठीनं दाखवत विचारतायत, 'याव कडे, हेळम्मा?' कुणीकडं, सांग पोरी. लोक बघतायत. तिची मान खाली जाते आणि माझं बोट आपोआप उठतं. तिनं चार ओळी बरोबर सांगितल्या. कागदावर तीस टक्के आले. चाळीसच्या खाली काही मिळत नाही, असं खिडकीवरचा माणूस म्हणाला, आणि बसस्टँडवर मला तुमचा हात मिळाला.

आई म्हणाली होती, 'परत जाऊन खरं सांगा की.' तुम्ही म्हणालात, 'काय सांगू? माझी पोरं डॉक्टरला फसवतात म्हणून? असू दे. तीसच म्हणजे बरंय, उद्या स्थळ आलं तर हा कागद दाखवता येईल.' मला मारणारा तुमचा चेहरा तेव्हा सैल झाला होता. मी बघितलं ते. तोच राग आहे माझा.

ती मात्र शिकत राहिली. मी आठवीतनं सुटलो, चार कामं धरली, चारही सोडली. तिला धडे मी वाचून दाखवायचो, माझं कन्नड ऐकून ती म्हणायची, 'अण्णा, वाचतोस का दगड फोडतोस?' आता पानाचा फोटो काढला की फोनच तिला वाचून दाखवतो. माझ्यापेक्षा चांगलं वाचतो, काय बोलायचं. बारावीला फर्स्ट क्लास आला तिला. आता नवनगरच्या थांब्यावरनं रोज धारवाडला कॉलेजला जाते. बोर्ड दिसत नाही म्हणून येईल त्या बसला विचारते. एक कंडक्टर म्हणाला, 'बोर्ड वाचता येत नाही आणि कॉलेजला जातीस होय?' ही म्हणाली, 'मला वाचता येतंय, दिसत नाही. तुम्हाला दिसतंय ना, मग तुम्ही वाचा.' अख्खी बस हसली म्हणे.

पण कॉलेजच्या पहिल्या चाचणीत पाचातले दोनच प्रश्न झाले. कागदाला नाक लावून लिहायचं म्हटल्यावर वेळ पुरणार कसा? मॅडमनी तिला तोंडी विचारलं, तर पाचही उत्तरं घडाघडा आली. त्या म्हणाल्या, तू सांगशील ते लिहायला माणूस मिळेल, जादा वेळ मिळेल, फक्त दाखला आण. तिनं पेटी उघडून नेला. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, चाळीस पाहिजेत गं.

सोमवारी परत तपासणी आहे. सत्राची परीक्षा त्याच्यामागं लगेच. तिला भीती एकच, जुना कागद बघून डॉक्टर म्हणतील, तेव्हा खोटं बोललीस का आता बोलतेस? परवा फोनवर म्हणाली, 'अण्णा, तू येऊन सांग की, बोट तुझं होतं म्हणून.' मी म्हटलं, कराराचं अजून एक वर्ष आहे, पासपोर्ट मालकाकडं, कसा येऊ? मग म्हणाली, 'बरं, मग लिहून तरी दे. चार ओळी. फोटो पाठव, मी दाखवते.'

आज शुक्रवार, सुट्टी. त्या चार ओळी लिहायलाच बसलो होतो, अप्पा. दोन कागद फाडले आणि तिसऱ्यावर तुमच्याशीच भांडत बसलो. हा काही तिला दाखवण्यासारखा नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तुमच्यावर सगळं घालून बघितलं, तरी 'मी केलं' हे दोन शब्द लिहायला हात होत नाही. तिला सांगणार आहे, वेळ मिळाला नाही, शेजारच्या काकूंना बरोबर घेऊन जा, रिक्षानं जा. आणि पैसे पाठवतोय. तिनं मागितले नव्हते. अठरा हजार रुपये.