डाव्या नटावरचा ठिपका

नाशिक,
१८ जानेवारी २००४

प्रिय स्नेहा,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "आबा, गाडी विकली का?" आणि मी दर वेळी विषय तुझ्या शाळेवर नेतो. तू मास्तरीण, विषय बदलणारी पोरं तुला लगेच ओळखू येत असणार, पण बापाला काही तू बाकावर उभं केलं नाहीस. आज उत्तर देतो. गाडी विकलेली नाही. आपला संघर्ष त्या अपघातात गेला, त्यानंतर पोलिसांनी ती सोडली, तेव्हापासून वडाळा नाक्याच्या आपल्या गॅरेजात मागच्या भिंतीला लागून उभी आहे. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा जीव गाडीत अडकलाय. तसं नाही गं. मला एवढंच शोधायचं होतं की तुझा भाऊ त्या दिवशी रस्त्यामुळे गेला की माझ्या हातामुळे.

त्या आठवड्यात मी मारुतीचं पुढचं सगळं काम काढलं होतं. दोन्ही शॉकअप, चाकं धरणारे खालचे आर्म, त्यांचे रबरी बूश, चाकं वळवणाऱ्या टाय-रॉडची टोकं, सगळं नवीन. तू बाळंतपणाला येशील, तान्ह्या बाळाला घेऊन फिरावं लागेल, खडखड नको, एवढाच विचार होता. आणि नवं सामान बसवल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली! स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की निघाली डाव्या कडेला. मग नेहमीची तपासणी सुरू केली. हवा बघितली. डावं टायर उजवीकडे आणि उजवं डावीकडे घातलं, ओढा तसाच. मग लक्षात आलं की आर्मचे बोल्ट मी गाडी जॅकवर असतानाच आवळले होते. चाकं लोंबकळत असताना बूश आवळला तर तो पिळलेलाच राहतो. चाळीस वर्षं जे दुसऱ्यांना बजावलं, तेच स्वतः केलं. सगळं ढिलं करून, गाडी जमिनीवर टेकवून, बॉनेटवर दोनदा बसून परत आवळलं. निम्मा ओढा गेला.

उरलेल्या निम्म्यासाठी दोरी लावली. हल्ली सगळीकडे कॉम्प्युटर आलेत, पण मी जन्मभर सुतळीवरच चाकं सरळ केली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायची, पुढचं चाक तिला किती तिरकं आहे ते पट्टीनं मोजायचं आणि टाय-रॉड फिरवून त्याला सरळ करायचं. मग रॉडवरचा नट गच्च कसायचा, म्हणजे रॉड पुन्हा आपल्या मनानं फिरत नाही. आणि नट कसून झाला, की त्यावर ठिपका.

ठिपक्याची सुरुवात तुझी, आठवतंय का? तिसरीत होतीस. भद्रकालीतून आणलेली लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन गॅरेजात बसायचीस. आई नखांना लावू देत नव्हती म्हणून मी कसलेल्या प्रत्येक नटावर ठिपका देत सुटलीस. मी आधी ओरडलो, मग चार दिवसांनी माझ्याच ध्यानात आलं की ही तर फार कामाची गोष्ट आहे. ठिपका दिसला म्हणजे नट शेवटचा कसून झाला, पुन्हा पाना लावून बघायला नको. तू कॉलेजात गेलीस, लग्न होऊन लासलगावला गेलीस, तरी आपल्या गॅरेजातून ठिपक्याशिवाय गाडी गेली नाही. गिऱ्हाइकं मला लिपस्टिकवाले मिस्त्री म्हणायची, आणि मला ते आवडायचं.

त्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास उजवी बाजू पुरी झाली. डाव्या बाजूचं माप जुळलं, नट हातानं फिरवून टेकवला, आणि जावईबापूंचा फोन आला. तीन आठवडे आधीच तुला कळा सुरू झाल्या होत्या, डॉक्टर म्हणत होते नाशिकला हलवा. तुझी आई सातव्या महिन्यापासून तुझ्या मागे लागली होती की पहिलं बाळंतपण माहेरी, आता ये. आणि तू म्हणत होतीस, माझ्या दहावीच्या पोरांचा सराव होऊ दे. त्या दिवशी हे सगळं आठवायला कुणाला वेळ होता? मी जॅक उतरवला. संघर्ष शाळेतल्या कारकुनीतून रजा काढून घरी होता, तो द्वारका चौकापर्यंत एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आबा, अजून डावीकडे जातेय. मी नाक्यावरून जीप करतो."

स्नेहा, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आईलाही कालपर्यंत नाही. तो जीप करायला निघाला होता, चार पावलं गेलाही होता. मी त्याला हाक मारून परत बोलावलं. मला राग आला होता. मेकॅनिकच्या घरची लेक भाड्याच्या जीपमधून बाळंतपणाला येणार का, असं मी त्याला विचारलं. तो ओढा गाडीचा नाही, रस्त्याच्या उताराचा आहे, असंही सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला, बरं म्हणाला आणि चावी घेऊन तुला आणायला निघाला. निफाडच्या अलीकडे रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गाडी आदळली तेव्हा समोर काही नव्हतं. सायखेड्याचा एक ट्रॅक्टरवाला मागून येत होता. तो पोलिसांना म्हणाला, "गाडी आपसूकच डाव्या अंगाला गेली, त्यानं लय वढून धरली व्हती." इकडे त्याच दुपारी तू लासलगावातच बाळंत झालीस. तुला तिसऱ्या दिवशी सांगितलं.

तेव्हापासून मी ती गाडी सरळ करतोय. रंगनाथनं, माझ्याबरोबर तेवढा एकच जुना माणूस उरलाय, त्यानं पुढचं मोडकं सामान उतरवून पोत्यात भरलं. मी नवे आर्म घातले, नवे शॉकअप घातले, सुतळी ताणली, ओढा तसाच. पुन्हा खोललं. मुंबई नाक्यावर कॉम्प्युटरवाल्याकडे ढकलत नेली, पडद्यावरचे आकडे लालच राहिले. तो पोरगा हळू आवाजात म्हणाला, "काका, बॉडीच वाकलीय. आता कितीही पार्ट बदला." मला मनातून बरं वाटलं. बॉडी वाकली म्हणजे धडकेनंतरचंच सगळं दिसणार, आधीचं काही कळायची सोय नाही. मग माझ्यावर तरी कशाला यायचं?

आमच्या धंद्यात बिघाड शोधायची एक रीत आहे. आपला हात शेवटी जिथे लागला तिथे आधी बघायचं. मी तीन वर्षं सगळीकडे बघितलं, फक्त ते पोतं उघडलं नाही. गेल्या रविवारी उघडलं. उजव्या टाय-रॉडच्या नटावर तुझा लाल ठिपका जसाच्या तसा आहे. डाव्या नटावर नाही. ठिपका तर नाहीच, नट रॉडवर दोन बोटं मागे गेलेला आहे आणि मधले आटे घासून चकाकलेत. धडकेत नट वाकेल, मोडेल, पण असा फिरत मागे जात नाही. तो द्वारकेपासून निफाडपर्यंत फिरत गेला, आणि पोराचं चाक हळूहळू तिरकं होत गेलं. रंगनाथला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "मला त्याच दिशी दिसलं व्हतं. सांगून पोरगं माघारी येनार व्हतं का?"

काल तुझ्या आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, तांदूळ निवडून पुरे केले, डब्यात भरले, आणि पिशवीत दोन लुगडी घालून पिंपळगावला भावाकडे निघून गेली. ती परत येईल असं मला वाटत नाही. आणि आली तरी मी तिला काय देणार आहे?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तृप्ती तीन महिन्यांची असताना तू तिला घेऊन आली होतीस, तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरात शेजारणीला म्हणाली की पोर पांढऱ्या पायाची निघाली, आली आणि मामाला खाऊन बसली. तू ते ऐकलंस. चहा तसाच ठेवून निघून गेलीस आणि त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाहीस. मीही ऐकलं होतं, स्नेहा. आपल्या घरात असलं काही मानत नाहीत, एवढंसुद्धा मी बोललो नाही, कारण दोष त्या पोरीवर जात होता तोवर माझ्यावर येत नव्हता. जावईबापू सांगत होते की तू तिचा एकही वाढदिवस केला नाहीस, आणि अजून म्हणतेस, "मी फोन करायला लावला नसता तर दादा वाचला असता." तो गेला त्याला कारण तुझा फोन नाही, तुझी दहावीची पोरं नाहीत, आणि त्या लेकराचे पाय तर मुळीच नाहीत. पाकिटात तो डावा नट घातलाय. कुणी पोरीच्या पायांचं काही बोललं तर त्याच्या हातावर तो ठेव. नऊ फेब्रुवारीला तिला तीन वर्षं पूर्ण होतील, तिचा वाढदिवस कर. मला बोलावू नकोस, मी येणार नाही. मोठी झाल्यावर तिनं विचारलं की मामा कसा गेला, तर आजोबांनी नट कसला नव्हता, एवढंच सांग. पाकीट बंद करण्याआधी नेलपॉलिशची बाटली उघडून बघितली. तळाशी थोडंसं ओलं होतं. नटाला लावलं नाही.

तुझाच,
आबा