गल्ली जिवंत करण्याची मोहीम

१० नोव्हेंबर
ठरलं. नगरची आमची वेशीआतली गल्ली मरू द्यायची नाही. वारसा समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. बाकीची पदं रिकामी आहेत, पण घाई नको, भलती माणसं आली की डोक्याला ताप. जानेवारीत पुण्याची हेरिटेज वॉकवाली मंडळी येणार. त्यांना गल्ली दोनशे वर्षांपूर्वीची दिसली पाहिजे. मी ड्रॉइंग शिकवण्यात हयात घालवली. मला दिसतं ते इतरांना दिसत नाही.

१४ नोव्हेंबर
पाहणी केली. डिश अँटेना, प्लास्टिकच्या खुर्च्या, कपड्यांच्या दोऱ्या, ओट्यावर गाऊन घालून लसूण सोलणाऱ्या बायका. सगळं हटवा म्हणून सांगून आलो. सगळ्यात भयंकर म्हणजे समोरच्या सत्यशीलाबाईंच्या दगडी पायऱ्यांना लावलेला स्टीलचा दांडा. चकाकतो! नवऱ्याचे, राधाकृष्णरावांचे, गुडघे गेलेत म्हणे. बाई म्हणाल्या, सर, ह्यांना धरायला दुसरं काय हाय? मी म्हटलं, भिंत आहे की.

२२ नोव्हेंबर
दोघं सोनईला लग्नाला गेलेत. वेल्डर बोलावून दांडा कापून घेतला. पायऱ्या काय सुंदर दिसतात! फोटो काढले. डोळे भरून आले.

२५ नोव्हेंबर
राधाकृष्णराव पडले. खुबा मोडला. वाईट वाटलं. पण माणसाने बघून चालावं.
आमची प्रेमला माझ्याशी बोलत नाही. ताट आपटून वाढते. बायको म्हणून ठीक आहे, समितीवर घेणार नाही.

११ डिसेंबर
सत्यशीलाबाईंनी सावेडीला मुलाच्या सोसायटीत बिऱ्हाड हलवलं. कापलेला दांडा माझ्या अंगणात पडला होता, तोही टेम्पोत टाकून नेला. म्हणाल्या, आमचा हाय त्यो. कोत्या मनाची माणसं!
खुर्च्या गेल्यापासून म्हातारे बाहेर बसत नाहीत. ओटा गार लागतो म्हणे. आणखी दोन घरांना कुलूप लागलं. आता फोटोत मध्ये कुणी येत नाही. अप्रतिम.

२८ डिसेंबर
पुण्याहून फोन. त्यांना 'जिवंत' गल्ली बघायची आहे. म्हणजे माणसं हवीत. प्रेमलाला म्हटलं, नऊवारी नेसून ओट्यावर लसूण सोलत बस. म्हणाली, सोलणाऱ्या होत्या, तुम्हीच हाकलल्यात. उगाच जुनं उगाळते. नाटकवाल्या हर्षलला सांगितलं, धोतर-फेटेवाली माणसं पाठव. सुरकुत्या असल्या तर उत्तम.

१८ जानेवारी, सकाळी
हर्षलचा फोन. कलाकार श्रीगोंद्याला प्रचाराच्या रॅलीत गेले, तिकडे मटण आहे. हरकत नाही. सत्यशीलाबाईंच्या ओट्यावर धोतर नेसून मीच बसतो. मी एकटा पुरे.

२१ जानेवारी, हॉस्पिटल
मंडळी आली. स्वागताला उठलो. सोगा पायात आला. हात आपोआप दांड्याकडे गेला. दांडा नव्हता.
पायऱ्यांखाली पडून ओरडलो, अहो उचला! त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, किती रिअल! व्हिडिओ काढून सगळे वेशीकडे गेले. मी हाका मारत राहिलो. गल्लीत ऐकायला माणूस नव्हतं. प्रेमला भाजी घेऊन आली, तेव्हा उचलला गेलो. खुबा.

२ फेब्रुवारी
राधाकृष्णरावांना ज्या डॉक्टरांनी तपासलं तेच. त्यांनी विचारलं, तिथल्या पायऱ्यांना दांडा का लावत नाही? मी झोपेचं सोंग घेतलं.
वॉकवाल्यांचा मेसेज आला. आनंदाने उघडला. गल्लीबद्दल अक्षर नाही. ते पडणारे आजोबा पुढच्या महिन्यात असतील का, एवढंच.

९ मार्च, सावेडी
प्रेमलाने मला न विचारता फ्लॅट भाड्याने घेतला. गल्लीतल्या घराला कुलूप. शेवटचं. आता तिथे कुत्री झोपतात, असं दूधवाला सांगतो.
सोसायटीच्या दारापुढे पायऱ्या. बाजूला स्टीलचा दांडा. कापल्याची खूण मी लगेच ओळखली. वॉकर धरून नुसता उभा राहिलो. वर राधाकृष्णराव, तेही वॉकर धरून. म्हणाले, धरा सर, लाजू नका. हितं कापायला कोन येत न्हाई.
धरला. दोन्ही हातांनी.
काळा रंग दिला असता तर गल्लीतही तो खपून गेला असता. तेव्हा कुणी सुचवलं नाही.